कापसाची मक्तेदारी आणि नाटकाची परवानगी

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात १९७२ या सालाचा उल्लेख तीन कारणांसाठी होतो. त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. मार्च महिन्यात विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आले आणि लवकरच परिनिरीक्षण मंडळाच्या कचाट्यात सापडले. डिसेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाट्यसमीक्षेच्या पुस्तकांतून या घटना इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की त्यांत नवे काही उरले नसावे, असे वाटते. परंतु पुसदेत बसून हा इतिहास वाचू लागलो की एका चौथ्या घटनेची आठवण आम्हांस टाळता येत नाही. त्याच १९७२च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. आपल्या शेतात पिकलेला कापूस सरकारने नेमलेल्या यंत्रणेखेरीज अन्य कोणालाही विकणे कायद्याने गुन्हा ठरले. नाटक करायचे तर सरकारचा दाखला हवा आणि कापूस विकायचा तर सरकारचाच काटा हवा. या दोन्ही व्यवस्था चालविणाऱ्या सरकारचे प्रमुख होते वसंतराव नाईक. ते पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे. नागपुरात कायदा शिकून पुसदेत वकिली केलेले.

पहिल्या निर्बंधाविरुद्ध मराठी कलावंत न्यायालयात गेले, लेख लिहून लढले, आणि त्या लढ्याची नोंद आज विद्यापीठांतून शिकविली जाते. दुसऱ्या निर्बंधाविषयी त्याच कलावंतांनी काय म्हटले? हा प्रश्न आम्ही कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी विचारीत नाही. मराठी नट, नाटककार, गायक, विनोदकार यांच्या मनात ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची हद्द कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे तपासावे, एवढाच हेतू आहे.

आरंभीच शब्दाची अडचण दूर केली पाहिजे. ‘उदारमतवाद’ हा शब्द आपल्याकडे रानडे-गोखल्यांच्या परंपरेला लावला जातो, आणि त्यात सुधारणेसाठी सरकारची मदत घेण्याला मज्जाव नाही. आम्ही येथे ज्या मताविषयी बोलत आहोत ते त्याहून कडवे आहे. माणसाचे बोलणे, त्याचा देह, त्याची मिळकत आणि त्याचा व्यवहार या चारही ठिकाणी सरकारने शक्य तितके दूर राहावे, असे हे मत. त्याला ‘स्वतंत्रतावाद’ म्हणू. अमेरिकेत या मताचे नट आणि गायक सहज सापडतात. क्लिंट ईस्टवुड हा नट स्वतःला याच पंथाचा म्हणवितो. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या लहानशा गावात बांधकामाच्या परवानगीवरून त्याचे नगरपालिकेशी बिनसले, आणि १९८६ साली तो निवडणूक लढवून त्याच गावाचा नगराध्यक्ष झाला. आपल्याकडे नट सरकारी दरबारी खेटे घालून थकतो, परंतु त्यातून तो राज्यसंस्थेविषयी काही सिद्धान्त काढीत नाही. तो ओळखीचा मंत्री शोधतो. हा फरक स्वभावाचा नाही. त्याला इतिहास आहे.

कापसाच्या योजनेकडे आधी वळतो, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला ती बहुधा ठाऊक नसते. १९७१ साली विधिमंडळाने कायदा केला. त्यानुसार राज्यात पिकलेला सर्व कापूस खरेदी केंद्रावर आणणे बंधनकारक झाले. केंद्रावर ग्रेडर प्रतवारी करणार, मग काटा होणार, हमीभावाने चुकारा मिळणार, तोही बहुधा हप्त्याहप्त्याने. पुढे सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी विकल्या गेल्या आणि नफा झाला, तर त्यातला वाटा शेतकऱ्याला नंतर मिळणार. हे काम प्रथम राज्य सहकारी पणन महासंघाकडे होते. १९८४पासून कापूस उत्पादकांचा स्वतंत्र महासंघ झाला. गावात त्याला सगळे ‘फेडरेशन’च म्हणत.

ही योजना वाईट हेतूने आणली गेली, असे म्हणणारा मनुष्य वऱ्हाडचा जुना कापूस बाजार जाणत नाही. अडत्याच्या दारात रात्रभर बंडी उभी राही. मापारी काट्यात मारी. भाव हातरुमालाखाली बोटांनी ठरे आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. वसंतरावांनी हे सारे जवळून पाहिले होते. सुरुवातीच्या वर्षांत अनेक शेतकऱ्यांनी योजनेचे स्वागत केले ते उगीच नव्हे. पण मक्तेदारी एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिली की तिचा स्वभाव बदलतोच असे नाही. अडत्याच्या जागी ग्रेडर आला. शेजारच्या राज्यांत भाव चढला की रात्रीच्या अंधारात महाराष्ट्राचा कापूस सीमेपार जाऊ लागला; तिकडे भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर येऊ लागला. पहिल्या प्रकारात शेतकरी गुन्हेगार ठरे, दुसऱ्या प्रकारात महासंघ तोट्यात जाई. पुसदेहून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की मराठवाडा, आणि त्यापलीकडे त्या काळी आंध्र प्रदेशात असलेला आदिलाबाद जिल्हा. स्वतःच्या घामाचा माल स्वतःच्या बंडीतून नेणाऱ्याला ‘तस्कर’ हा शब्द लावण्याची किमया या भूगोलाने साधली. अखेर तोटा सोसवेना, तेव्हा २००२च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा देऊन हा एकाधिकार मोडीत निघाला. तीस वर्षे तो टिकला.

आता नाटकाकडे. नाट्यप्रयोगावर सरकारची नजर ही इंग्रजांची देणगी. १८७६चा नाट्यप्रयोगांचा कायदा, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये आलेली बंदी, हे सर्व वाचकांना परिचित आहे. स्वातंत्र्यानंतर ही नजर मिटली नाही. उलट तिला देशी चष्मा मिळाला. मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली, आणि १९५४पासून रंगभूमी प्रयोगांचे परिनिरीक्षण करणारे मंडळ काम करू लागले. संहिता मंडळाकडे पाठवायची, मंडळाने सांगितलेली वाक्ये गाळायची, दाखला घ्यायचा, मग पडदा उघडायचा. ‘परिनिरीक्षण’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘प्रतवारी’ आणि ‘परिनिरीक्षण’ यांत मालाचे नाव तेवढे बदलते.

‘गिधाडे’च्या वेळचा किस्सा प्रसिद्ध आहे. श्रीराम लागूंनी १९७०मध्ये हे नाटक उभे केले. पातळावरच्या तांबड्या डागाला मंडळाची हरकत होती. तडजोड म्हणून डाग निळा झाला, आणि प्रेक्षकांनी हा निळा डाग तांबडा समजावा, अशी सूचना प्रयोगाआधी देण्यात येऊ लागली, असे रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेले आहे. ‘बाइंडर’च्या बाबतीत अशा तडजोडीला वाव राहिला नाही. कमलाकर सारंगांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात निळू फुले सखारामाच्या आणि लालन सारंग चंपाच्या भूमिकेत होत्या. थोड्याच प्रयोगांनंतर मंडळाने हात घातला, बऱ्याच जागा कापायला सांगितल्या, आणि सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या दिवसांची हकीकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहिली आहे. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती वाचावीच, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यानेही. पैसा, प्रतिष्ठा आणि पुढची कामे पणाला लावून एका कलावंताने सरकारला ‘हे तुमचे क्षेत्र नव्हे’ असे सांगितले, त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही.

पण सरकारची दोन्ही ठिकाणची भूमिका शेजारी ठेवून पाहावी. प्रेक्षक भोळा आहे, वाईट नाटकाने तो बिघडेल, म्हणून आम्ही आधी पाहू. शेतकरी भोळा आहे, व्यापारी त्याला लुबाडील, म्हणून आम्हीच घेऊ. दोन्हींच्या मुळाशी माणूस अज्ञान आहे आणि शासन त्याचे पालक आहे, हा एकच विचार. पहिल्या विधानावर मराठी बुद्धिमंत भडकले. दुसरे विधान त्यांना पुरोगामी वाटले.

असे का व्हावे? आमच्या मते पहिले कारण घडणीचे आहे. त्या पिढीतले उत्तमोत्तम रंगकर्मी राष्ट्र सेवा दलाच्या, समाजवादी किंवा डाव्या वातावरणात वाढले. निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातून आले. या वातावरणात व्यापारी हा शोषक आणि सरकार हे, आज चुकीच्या हातात असले तरी, तत्त्वतः मुक्तीचे साधन होते. मराठी कथा-कादंबरीत सावकार आणि अडत्या यांची खलनायक म्हणून जी परंपरा आहे तिनेही हे मत घट्ट केले. तीत सत्यांश भरपूर होता, म्हणूनच ती टिकली. उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचलेला मनुष्य बाजाराच्या प्रेमात पडणे कठीण.

दुसरे कारण बोलायला अवघड आहे. महाराष्ट्रात राज्यसंस्थेने कलावंताला केवळ कात्री दाखविली नाही. तिने त्याला ताटही वाढले. १९५४पासूनच्या राज्य नाट्यस्पर्धेने किती नाटककार आणि संस्था घडविल्या याची गणती नाही. पुढे मराठी चित्रपटांना करमणूक कराचा परतावा मिळू लागला. पुरस्कार आले, समित्या आल्या. ग. दि. माडगूळकर विधान परिषदेचे सदस्य होते, आणि १९७३ साली आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चित्रपटगीतांनी घराघरांत पोहोचलेला कवी सभागृहात बसतो, यात गैर काही नाही. किंबहुना ते शोभादायक आहे. मात्र आश्रयदात्याशी भांडण्याची एक रीत असते. त्याने आपल्या ताटात काय वाढले यावर भांडता येते. त्याने स्वयंपाकघरच चालवू नये, असे म्हणणे जड जाते.

तिसरे कारण अगदी साधे आहे. नाटक मुंबई-पुण्यात होते आणि कापूस यवतमाळात.

येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे, तो पुस्तकी विचारातला नसून हसण्यातला आहे. तमाशाच्या वगातले राजा, प्रधान आणि हवालदार हे शतकभर थट्टेचेच विषय राहिले आहेत. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५मध्ये आले आणि दादा कोंडके यांनी ते गावोगाव नेले. सत्तेवर बसलेला तो मूर्ख किंवा लबाड, आणि बहुधा दोन्ही, हे या लोकनाट्याचे गृहीतक आहे. सामान्य प्रेक्षकाला ते पटवून द्यावे लागत नसे. तो हसत असे. राज्यसंस्थेविषयीचा हा अविश्वास कोणत्याही पाश्चात्य ग्रंथातून आलेला नाही. मराठी रंगभूमीच्या तळाशी तो होताच. वरच्या मजल्यावर, प्रायोगिक नाटकात, तो ‘व्यवस्था’ नावाच्या अमूर्त वस्तूवर गेला आणि प्रत्यक्ष हवालदार सुटला, असे आम्हांस कधीकधी वाटते. सोंगाड्याने मात्र हवालदाराला सोडले नाही.

वसंतराव नाईक फेब्रुवारी १९७५मध्ये पायउतार झाले, आणि जूनमध्ये आणीबाणी आली. मराठी साहित्यिकांच्या स्वातंत्र्यप्रेमाची कसोटी येथे लागली आणि काहीजण तीत उजळून निघाले. कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. पुढे त्यांना अटक झाली. सरकारी सन्मानांपासून त्या नंतरही दूर राहिल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे हे दूर राहणे प्रार्थनेपेक्षाही मोलाचे आहे. लेखकाने सरकारकडून काही घेऊच नये, हे स्वतंत्रतावादी आचरण त्यांनी कोणतेही लेबल न लावता केले. पु. ल. देशपांडे १९७७च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी सभा घेत हिंडले आणि काम झाल्यावर आपल्या लेखनाकडे परतले. १९९६मध्ये महाराष्ट्र भूषण स्वीकारताना त्यांनी झुंडशाहीविरुद्ध बोलण्याचे धाडस केले, आणि पुरस्कार देणाऱ्यांचीच बोलणी खाल्ली. ताट वाढणाऱ्याशी भांडण्याची रीत आम्ही वर सांगितली, तिचा हा सर्वांत प्रसिद्ध दाखला.

हिंदी चित्रपटसृष्टीत याच काळात दोन लक्षणीय घटना घडल्या. काँग्रेसच्या कार्यक्रमाला नकार दिल्याबद्दल किशोरकुमारची गाणी १९७६मध्ये आकाशवाणीवरून नाहीशी झाली. ध्वनिक्षेपणाचा एकाधिकार सरकारच्या हाती असला की एका गायकाचा आवाज देशभर एका हुकमाने बंद करता येतो, हे तेव्हा सर्वांना दिसले. दूरचित्रवाणीवर संजय गांधींची स्तुती करण्याचे नाकारणाऱ्या देव आनंदने तर १९७९ साली ‘नॅशनल पार्टी’ नावाचा पक्षच काढला. नानी पालखीवाला आणि विजयालक्ष्मी पंडित यांच्याशी बोलणी झाली. पालखीवाला म्हणजे परमिट-लायसन राजवटीचे कडवे टीकाकार, स्वतंत्र पक्षाच्या विचारकुळीतले. कच्च्या फिल्मपासून प्रमाणपत्रापर्यंत प्रत्येक पायरीवर परवाना लागणाऱ्या धंद्यातून असा पक्ष निघावा, हे स्वाभाविक होते. तो १९८०ची निवडणूक येण्याआधीच विरला, हेही स्वाभाविक. नटाला गर्दी जमविता येते. गर्दीला मतदारयादीत कसे बसवावे, हे निराळेच शास्त्र आहे.

ज्या वर्षी देव आनंदचा पक्ष निघाला, त्याच १९७९मध्ये चाकणजवळच्या आंबेठाणला एका माजी टपाल अधिकाऱ्याने शेतकरी संघटना उभी केली. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी करून परतले होते. मराठी सार्वजनिक जीवनात सरकार हाच प्रश्न आहे, असे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारा आणि तरी लाखोंच्या सभा भरविणारा दुसरा मनुष्य झाला नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा विदर्भ-मराठवाड्यातल्या भिंतींवर अनेक वर्षे दिसत होती. शेतकरी गरीब राहतो तो सरकार मदत करीत नाही म्हणून नव्हे. सरकार त्याच्या मालाचा भाव पाडते म्हणून, असा त्यांचा सिद्धान्त. फुल्यांच्या १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’शी त्यांनी आपले नाते जोडले, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. पुष्कळ अंशी अशासाठी की, नोकरशाही आणि करांचे ओझे यांवर असूड ओढणारे जोतीराव सरकारने तलाव-बंधारे बांधावेत, असेही सांगतात. त्यांचे सरकारशी भांडण आहे, घटस्फोट नाही.

कापसाच्या बाबतीत संघटनेचा प्रवासही सरळ नाही, आणि तोच अभ्यासण्याजोगा आहे. आरंभीच्या आंदोलनांत मागणी भावाची होती. खरेदी सरकारने करावी की नाही, हा प्रश्न पुढे आला नव्हता. डिसेंबर १९८६मध्ये पैनगंगेपलीकडे, हिंगोलीजवळच्या सुरेगावला, कापसाच्या भावासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे मृत्युमुखी पडले. खुल्या बाजाराचा उघड पुरस्कार, आणि त्याबरोबर एकाधिकाराला विरोध, नव्वदीच्या दशकात ठळक झाला. १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. नावातच राजाजींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण होती. याच वळणावर विजय जावंधियांसारखे वर्ध्याचे जुने सहकारी वेगळ्या वाटेने गेले. सरकारने अंग काढून घेतले तर कोरडवाहू कापूसवाला उघडा पडेल, ही त्यांची भीती होती. या वादात दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. मराठी साहित्याने त्याची दखल घेण्यात कुचराई केली, असे आमचे मत आहे.

दखल घेतली ती दुःखाची. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा शालेय पाठ्यपुस्तकातून हजारो मुलांनी वाचली. भाव कोसळल्यावर बाप भर बाजारात आपलीच टमाटी तुडवितो, हे दृश्य कोण विसरेल? शेषराव मोहिते आणि इंद्रजित भालेराव यांच्या लेखनात संघटनेचे वारे स्पष्ट जाणवते. मात्र चंदनशिवांच्या कथेतला चिखल कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर वर्गात काय दिले जाते? बहुधा ‘निर्दय बाजाराने’. संघटनेचा कार्यकर्ता म्हणेल, बाजाराला हातपाय बांधून पाण्यात टाकणाऱ्यांनी. कथा दोन्ही उत्तरांना जागा देते. शिक्षकाने एकच देऊन मोकळे होणे बरे नव्हे.

१९८६ हे साल आमच्या भागाला आणखी एका कारणाने विसरता येत नाही. त्या वर्षी १९ मार्चला पुसदेच्या शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली. कुटुंबप्रमुख गावचे माजी सरपंच होते आणि संगीताचे जाणकार होते. भजन गाणारा मनुष्य. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांची जी दीर्घ यादी पुढे झाली तिच्या आरंभी या घटनेचे नाव घेतले जाते. अंबाजोगाईचे लेखक-पत्रकार अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने २०१७पासून १९ मार्चला अन्नत्याग सुरू केला. त्यांची मागणी अनुदानाची नाही. कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा, एवढेच ते म्हणतात. वसंतरावांच्या तालुक्याच्या वेशीवर त्यांच्याच कारकिर्दीतील कायद्यांना विरोध व्हावा, यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो, कारण आवश्यक वस्तूंचा कायदा १९५५चा आणि केंद्राचा आहे; सगळे पाप एका घरावर घालणे इतिहासाला धरून होणार नाही.

आणि कलावंत? ते आले, पण भीक आणि घामाचे दाम या दोहोंच्या मधल्या जागी आले. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या २००९च्या चित्रपटाने विदर्भातला शेतकरी दयेच्या पलीकडे जाऊन, थोड्या काळ्या विनोदासह दाखविला. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५मध्ये ‘नाम’ संस्था काढून मृत शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत दिली. सरकारची वाट न पाहता नागरिकांनी आपल्या खिशातून दिलेली ही मदत स्वतंत्रतावाद्यालाही मान्य होईल. तथापि भिंतीवरच्या त्या जुन्या घोषणेचा पहिला शब्द ‘भीक’ होता, हे ज्यांना आठवते त्यांची अवघडलेली मनःस्थितीही समजून घ्यावी. २०२०मध्ये केंद्राने शेतमाल विक्रीविषयीचे तीन कायदे केले. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट त्यांच्या बाजूने उभे राहिले. पंजाबचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले. फेब्रुवारी २०२१मध्ये रिहाना या गायिकेने एक ओळ लिहिली आणि आपल्याकडच्या नामवंत नट-गायक-खेळाडूंनी प्रत्युत्तर दिले. त्या प्रत्युत्तरात देशाची एकजूट होती, बाहेरच्यांनी बोलू नये हा सूर होता. शेतकऱ्याने आपला माल कोणाला विकावा, या प्रश्नावर बाजूने वा विरुद्ध फारसे काहीच नव्हते. खुल्या बाजाराची बाजू मांडण्याची संधी लक्षावधी श्रोत्यांसह चालून आली होती. ती सरकारची री ओढण्यात गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदे मागे घेतले गेले.

इतके लिहिल्यावर वाचकास वाटेल की आम्ही खुल्या बाजाराची वकिली करीत आहोत. तसे नाही. एकाधिकार गेला त्याच सुमारास, २००२मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली. व्यापारी आले, बियाणे आले, आणि यवतमाळ जिल्ह्यातील आत्महत्या थांबल्या नाहीत. २०१७च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यातले शेतकरी-शेतमजूर दगावले. विकण्याचे स्वातंत्र्य मिळाल्याने कोरड्या विहिरीला पाणी येत नाही. नाटकातही तेच. ‘घाशीराम’ला प्रथम थांबविले ते सरकारी मंडळाने नव्हे; एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्याच अध्यक्षांनी, समाजाच्या एका भागातील संतापाची दखल घेऊन. म्हणून १९७३मध्ये थिएटर अकॅडमी निघाली. सत्ता केवळ मंत्रालयात असते, हे गृहीत धरणारा स्वतंत्रतावाद जात, झुंड आणि सावकार यांच्यापुढे मुका होतो. अमोल पालेकरांनी २०१६मध्ये नाटकाच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली, ती अत्यंत योग्य होती. पण झुंडीविरुद्ध याचिका कोठे करायची?

जानेवारी २०१९मध्ये, माडगूळकरांच्या संमेलनानंतर पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी, यवतमाळला पुन्हा साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलाविण्यात आले होते. देव आनंदने आपल्या पक्षात आणू पाहिलेल्या विजयालक्ष्मी पंडितांच्या या कन्या. विरोधाच्या धमक्या आल्या आणि निमंत्रण मागे घेतले गेले. निषेध म्हणून अनेक निमंत्रित लेखक-कलावंतांनी संमेलनाला जाण्याचे नाकारले. त्यांचा निषेध रास्त होता. आम्हांस त्याविषयी शंका नाही. सहगलांच्या जागी संमेलनाचे उद्घाटन आमच्या जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने केले. तिने कापसाच्या घरात राहून काय सोसले ते व्यासपीठावरून सांगितले. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी जे आले नाहीत, त्यांची ते ऐकण्याची वेळ त्या दिवशी हुकली.